काडीमोड

गॉगलसाठी कुणी रडतं का? मी रडले, पैठण गेटजवळ, भर रस्त्यात. गॉगलची डावी काडी मोडली होती. चष्म्याच्या दुकानातल्या चाचांनी ती हातात घेऊन पाहिली नि म्हणाले, "ताई, अशी काडी आता भेटत नाय. सेम गॉगल असंल तर त्याची काढून लावून देतो. नाय तर नवा घेऊन टाका." सेम गॉगल माझ्या पर्समध्येच होता. "नाही माझ्याकडं," असं चक्क खोटं बोलून मी बाहेर आले.

पर्समधला गॉगल आमच्या ह्यांचा होता. ते जाऊन वर्ष होत आलं होतं.

माझी बदली करमाडच्या शाळेत झाली तेव्हा आम्ही दोघांनी एकाच हातगाडीवरून एकसारखे काळे गॉगल घेतले होते. ह्यांची कंपनी शेंद्र्याला, त्यामुळं एकाच मोटारसायकलवर जायचो. जालना रोडची धूळ आणि ट्रकचा धूर सोबतीला. पुढं एका रविवारी मी खाटेवर न बघता बसले आणि माझा गॉगल माझ्याच खाली आला. उजवी काडी कटकन मोडली. हे खो खो हसत सुटले.

"झाला का नाय काडीमोड! जा आता पिशोरला, माहेरी."

"खुशाल जाते. इथं कुणाला राहायचंय?"

"जा की. पन थांब, गॉगल नीट करून देतो. उनात तशीच जाशील व्हय?"

दाढीच्या डब्यातला छोटा पेचकस घेऊन ते उंबऱ्यात बसले. स्वतःच्या चांगल्या गॉगलची उजवी काडी काढून त्यांनी माझ्या गॉगलला लावली. स्क्रू घरंगळून कुठं गेला कुणास ठाऊक, तिथं टाचणी वाकवून घातली. स्वतःला मुलीच्या जुन्या गॉगलची निळी काडी. एक काळी, एक निळी! लोक हसतील म्हटलं, तर म्हणे, "हसू दे. सांगीन, काडीमोड वाचवला." आणि खरंच कंपनीभर सांगत फिरले. मला असा राग आला होता!

ह्यांचे कान चांगले सुपाएवढे, डोकंही मोठं. त्यांची काडी टोकाला बाहेर फाकलेली, माझ्या कानावर सैल बसायची. मी कुरकुर केली की म्हणायचे, "समज, मीच कान धरलाय तुझा."

मागच्या श्रावणात कंपनीतून फोन आला. छातीत दुखायला लागलं म्हणाले. मी पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांचा डबा, रुमाल आणि तो दुरंगी गॉगल एका पिशवीत घालून माझ्या हातात दिला. डबा मी घासला, रुमाल धुतला. गॉगलला मात्र कुणाला हात लावू दिला नाही.

आणि आता तोच मोडायचा होता. नाही मोडला तर माझा गॉगल, त्यांनी उंबऱ्यात बसून जोडलेला, कायमचा निकामी. रस्त्यावर उभी राहून मी ह्यांच्यावरच चिडले. असते तर दोन मिनिटांत दुसरीही काडी काढून दिली असती आणि वर चार शब्द ऐकवले असते. डोळे पुसून मी परत दुकानात शिरले. गॉगल पुढं ठेवला. चाचांनी पेचकस उचलला.

काडी बसली. मग त्यांनी गरम हवेचं मशीन सुरू केलं. "दोन्ही टोकं लई फाकलीत. गरम करून तुमच्या कानाला बसवून देतो."

"नको!" मी इतक्या जोरात ओरडले की बाकीची गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

"सैल राहतील ना, ताई."

"राहू द्या."

ह्यांचा गॉगल आता कपाटात आहे, एकट्या निळ्या काडीचा. माझा प्रत्येक गतिरोधकावर नाकावरून घसरतो आणि मी तो बोटानं वर ढकलते. परवा मुलगी म्हणाली, "आई, नीट करून घे ना, पडेल एखाद्या दिवशी." मी तो तसाच घालून शाळेला निघाले. आधी ह्यांनी एकच कान धरला होता. आता दोन्ही धरलेत, पण इतके सैल, की कुणी धरलेत असं वाटतच नाही.