चुकीच्या खाटेजवळची प्रार्थना

माझ्या आत्याच्या तोंडात खिळे असले की घरात शांतता असते. ती गाड्यांच्या सीटा आणि लोकांचे सोफे भरून, शिवून देते. रेक्झीन ताणून लाकडी चौकटीला ठोकायचं तर दोन्ही हात गुंतलेले असतात. मग बारीक खिळ्यांची मूठ तोंडात टाकायची आणि जिभेने एकेक ओठांशी आणायचा. नवशिक्याने हे करू नये, खिळा सरळ पोटात जातो. आत्याचा आजवर एकही गेलेला नाही. पण खिळे संपले की तोंड मोकळं, आणि मग समोर गिऱ्हाईक असो, चर्चचे पाळक असोत की खुद्द देव, ती कोणाची भीड ठेवत नाही. तिथल्या मंडळीतले लोक तिला मागून ‘टाचणी’ म्हणतात. तिला ते ठाऊक आहे, आणि आवडतंही.

मी तिची भाची, इस्पितळात पुरुषांच्या वॉर्डात सिस्टर आहे. देवाशी माझं फारसं बोलणं नाही. रोग्यांची अंगं पुसायची, त्यांना कुशीवर वळवायचं, सुया टोचायच्या, शिव्या खायच्या, यातच माझा दिवस जातो. रविवारी दुपारी आत्याच्या मंडळीचं पथक प्रार्थनेसाठी वॉर्डात यायचं, तेव्हा मी बँडेजच्या कपाटात डोकं घालून काहीतरी शोधत असल्याचं सोंग करायची. पथकाचे नियम मात्र मला पसंत होते. आधी विचारायचं, मगच प्रार्थना करायची. आवाज हळू ठेवायचा. बरं होशील असा शब्द कोणालाही द्यायचा नाही. आणि शेवटी, ‘तुझी इच्छा असेल तर’ एवढं म्हणायचंच म्हणायचं.

हे शेवटचं आत्या कधी म्हणायची नाही. पाळकांनी समजावलं, रागावले, शेवटी हात टेकले. कारण त्यांनाही माहीत होतं. आतोबा काविळीने गेले तेव्हा आत्या उशाशी बसून त्यांच्यासाठी मागत होती. त्यांचा पिवळा पडलेला चेहरा बघता बघता तिचा धीर सुटला आणि तोंडून निघून गेलं, तुझी इच्छा असेल तर. “देवाला पळवाट मीच काढून दिली,” असं ती आजही म्हणते. यावर तिच्याशी वाद घालायची माझी छाती नाही.

तेव्हापासून ती आजाऱ्याकडे बघतच नसे. बघितलं की माणूस देवाशी बोलायचं सोडून आजाराशीच बोलत बसतो, हे तिचं म्हणणं. वॉर्डाच्या दारातच ती डोळे मिटायची, खाटांच्या दांड्या चाचपत हव्या त्या खाटेपर्यंत जायची, रोग्याच्या पायांवर हात ठेवायची आणि सुरू व्हायची. तिच्यामागून येणारं पथकही प्रार्थनेला डोळे घट्ट मिटून उभं राहणारं. म्हणून जे झालं ते त्याच लोकांच्या हातून होऊ शकत होतं.

त्या रविवारी मंडळीतल्या एका म्हाताऱ्या सुतारासाठी प्रार्थना होती. त्याला मूतखडा झाला होता आणि त्याची खाट खिडकीजवळची. पण सकाळी फरशी धुवायला आम्ही खाटा हलवल्या आणि परत लावताना सुतार गेला भिंतीकडे, खिडकीपाशी आला ड्रायव्हर. मालट्रक चालवणारा, तिशीतला. माल उतरवताना पाठीवर भलंमोठं खोकं कोसळलं आणि कमरेपासून खालचं सगळं बधिर झालं. तो तोंडावरून चादर ओढून गाढ झोपला होता. आत्याने त्याचे पाय धरले आणि खणखणीत आवाजात देवाला सांगितलं, की हा खडा काढ, आजच काढ, उद्यावर ढकलू नकोस. सगळ्या पथकाने आमेन म्हटलं.

ड्रायव्हर केव्हाचा जागा झाला होता. त्याने तिला पुरतं बोलू दिलं.

“बाई,” तो म्हणाला, “पोट ठणठणीत आहे माझं. पाय गेलेत.”

अख्खा वॉर्ड हसला. भिंतीकडून सुताराने हात वर करून आपण इकडे असल्याचं कळवलं. कपाटात डोकं घालून मीही हसले. वाटलं, आता आत्या माफी मागेल आणि मुकाट्याने सुताराकडे वळेल. ती वळली नाही. तिने डोळे उघडले होते आणि कित्येक वर्षांनी ती एका आजारी माणसाकडे नीट बघत होती.

“मग पायांसाठी मागू का?” तिने विचारलं.

“मागा की. तुमचं काय जातंय?” तो कुत्सितपणे म्हणाला. “पण चालतील का?”

“चालतील,” आत्या म्हणाली.

हसणं थांबलं. पाळकांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा बघून मला त्यांची दया आली.

सुताराचा खडा पुढे पडला. त्याचं श्रेय पाळकांनी देवाला दिलं, मी त्याला भरपूर पाजलेल्या पाण्याला. पण ड्रायव्हरचं प्रकरण चिघळलं. तू जाऊन आपला शब्द मागे घे, असं पाळकांनी आत्याला सांगितलं. तिने नकार दिला, तेव्हा त्यांनी तिला पथकातून काढलं. आतोबा गेल्यापासून रविवारची ती दुपार हाच तिचा आधार होता, हे मंडळीत कोणाला ठाऊक नव्हतं असं नाही. ती रडली नाही. भेटीच्या वेळेत, आपला सीटांचा कारखाना बंद करून, रोज संध्याकाळी येऊ लागली, इतरांच्या नातेवाइकांसारखी. ड्रायव्हरला विचारायची, बसू का? तो मान हलवायचा. मग पाय धरून ती देवाशी अशी भांडायची की पलीकडच्या खाटांवरचे लोक रेडिओ बंद करून ऐकत.

एकदा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की कण्याचं नुकसान मोठं आहे, तो चालण्याची शक्यता नाही, तुमच्या नातेवाईक बाईंना आवरा. माझी लाजेने मान खाली गेली. ड्यूटी संपवून मी तडक कारखान्यात गेले. आत्या एका बसची सीट पालथी घालून ठोकत होती.

“तू त्याला खोटी आशा लावतेस,” मी म्हणाले. “उद्या पाय हलले नाहीत की तो मोडेल. तेव्हा आम्ही निस्तरायचं, तू नाही.”

तिने तोंडातले खिळे काढून तळहातावर घेतले. “डॉक्टर म्हणाले तो चालणार नाही. ते त्यांचं काम, त्यांनी केलं. मागायचं काम माझं. त्यात खोटं काय आलं?”

“तू नुसतं मागितलं नाहीस. चालतील म्हणालीस.”

तिने खिळे पुन्हा तोंडात टाकले आणि हातोडी उचलली. वर्मी लागलं होतं. मला त्याचा आनंद झाला असता, पण पुढचा खिळा तिने वाकडा ठोकला, आणि तिचा खिळा वाकडा गेलेला मी तोवर पाहिला नव्हता.

काही आठवड्यांनी ड्रायव्हरला घरी सोडायचं ठरलं. त्याला चाकाची खुर्ची मिळाली, पण बैठक म्हणजे नुसती फळीच. त्याची बायको आत्याकडे आली आणि सीट शिवून द्याल का म्हणून विचारलं. आत्याने लगेच हो म्हटलं. मी तिला सांगितलं की अशा रोग्यांना बसून बसून माकडहाडाशी जखमा होतात आणि त्या कळतही नाहीत. तिने फोमला मागच्या बाजूने खोलगट खाच दिली, कडा मऊ ठेवल्या, शिवण एकही अंगाखाली येऊ दिली नाही.

ही बातमी पाळकांच्या कानावर गेली. ते कारखान्यात आले तेव्हा मी तिथेच होते. माणूस वाईट नाही तो. सीट बघून त्यांच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव आला. म्हणाले, बरं झालं, तुम्ही परिस्थिती स्वीकारलीत.

“सीट शिवली,” आत्या म्हणाली, “स्वीकारलं काहीच नाही. उठेपर्यंत त्याने कुठेतरी बसायला नको का?”

पाळकांनी सुस्कारा सोडला आणि तरीही नरमाईने बोलले. त्याला एकदाच सांगा, तो शब्द द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता, आणि आता हे थांबवा. येत्या रविवारपासून पथकात या, तुमची जागा रिकामीच आहे. मीही त्यांचीच री ओढली. म्हटलं, आत्या, त्याच्यासाठी तरी ऐक. ती मग म्हणाली की तुम्ही दोघं गप्प बसा, मी त्यालाच विचारते.

ड्रायव्हरचं घर म्हणजे एक खोली आणि मागे मोरी. दारातल्या पायरीवर फळ्या टाकून उतार केला होता. आत्याने सीट बसवली, सगळीकडून दाबून पाहिली. मी आणि त्याच्या बायकोने त्याला उचलून खुर्चीत ठेवलं. आत्या त्याच्यासमोर फरशीवर बसली.

“त्या दिवशी मी चालतील म्हणाले,” ती म्हणाली. “तो शब्द माझा नव्हता. मला मागता येतं, देता येत नाही. एवढं माझं चुकलं. आता हे सगळे म्हणतात, माझ्या मागण्याने तुझे हाल होतील. तर तूच सांग. थांबू?”

तो हो म्हणाला असता तर ती उठून गेली असती आणि पुन्हा कोणासाठीही तिने तोंड उघडलं नसतं, हे मला तिच्या पाठीकडे बघूनही कळत होतं.

ड्रायव्हरने सीटच्या रेक्झीनवरून हात फिरवला.

“मला कोणी विचारलंच नव्हतं हे,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणतात सवय करून घे. भाऊ म्हणतो सवय करून घे. बरोबर आहे त्यांचं. मी करतोय सवय. खुर्ची चालवायला शिकेन, बसून होईल असं काम बघेन. पण या पायांसाठी भांडणारं एक तरी माणूस राहू दे, बाई. मला एकट्याला नाही जमत ते. थांबलात तर याद राखा.”

मला इतकं लागलं ते, की मी मोरीकडे तोंड फिरवलं. त्याच्या आशेची काळजी वाहणारे आम्ही एवढे जण, शिकलेसवरलेले, आणि विचारलं एकट्या टाचणीने.

“मग पाय पुढे कर,” आत्या म्हणाली.

“तेवढंच तर राहिलंय, बाई.”

आधी त्याची बायको हसली, मग तो, मग आत्या डोळे पुसत हसली. तिने त्याचे पाय उचलून मांडीवर घेतले. डोळे मिटले नाहीत. त्याच्या तोंडाकडे बघत बघतच तिने सुरुवात केली, “बापा, मी पुन्हा आलेय.” मग जे मागायचं ते मागितलं, सरळ, पळवाट न ठेवता.

पथकात तिला परत घेतलेलं नाही. तिची जागा आता दुसऱ्या बाईंना दिली आहे, त्या हळू आवाजात बोलतात. ड्रायव्हरचे पाय अजून हललेले नाहीत. तो एका गोदामात बसून मालाच्या चिठ्ठ्या तपासतो, संध्याकाळी घरी येतो, आणि कारखाना बंद झाला की आत्या त्याच्याकडे जाते. सीटचं रेक्झीन तिने एकदा बदलून दिलं. मंडळीतलं कोणी ना कोणी तिला अधूनमधून टोचतंच, इतकं मागून शेवटी मिळालं काय? ती तोंडातले खिळे काढते.

“माझं मागून झालेलं नाही अजून,” ती म्हणते.