म्हंजे किती टक्के?

"म्हंजे किती टक्के?" असं विचारताना ते मान तिरकी करायचे आणि उजवा डोळा बारीक करायचे. बंद पडलेल्या लिफ्टच्या फटीतून आत बघताना करत, अगदी तसाच. लिफ्ट दुरुस्त करणं हा त्यांचा धंदाच होता. नाहूरला आमच्या इमारतीत हे काका तळमजल्यावर भाड्यानं राहायचे आणि भांडुप-मुलुंडच्या कितीतरी इमारतींच्या लिफ्ट सांभाळायचे.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल, ज्याला हो किंवा नाही पुरत नाही. डॉक्टर म्हणाले, "गुडघा सुधारेल," की यांचा प्रश्न तयार. गणपतीला मालवणचं तिकीट मिळेल म्हटलं, तरी तोच प्रश्न. एकदा त्यांच्या बायकोनं मला जिन्यातच सांगितलं, "लग्नाआधी आमच्या मामाक पण ह्यांनी विचारल्यानी, पोरगी संसार करीत, पण किती टक्के?" ते मागं उभे राहून हसत होते. मी कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते, त्यामुळे हा प्रश्न सगळ्यात जास्त माझ्या वाट्याला यायचा. खरं सांगते, वैताग यायचा.

त्यांना मुलगी एकच, सायली. तिला कॉम्प्युटर इंजिनीअर व्हायचं होतं. बारावीला ती क्लासला जात होती. राज्याची सीईटी ती देणारच होती. देशपातळीवरची जेईई द्यायची का, हे विचारायला काका क्लासच्या सरांकडे गेले. चांगल्या कॉलेजात घेतील का, असं विचारून पुढं नेहमीचा प्रश्न टाकला. सर घाईत होते. म्हणाले, "जेईईवर? दहा टक्के."

झालं. जेईईचा विषय तिथंच मिटला. "दहा टक्क्यांसाठी कोण बसता?" ते मला म्हणाले. "फी भरून नापास कित्याक होवचा?"

सीईटीचा निकाल लागला तेव्हा ते पेढ्यांचा पुडा घेऊन दारात उभे. "मॅडम, चेडवाक, आमच्या सायलीक एक्याण्णव टक्के!"

मी सांगितलं, "काका, हे टक्के नव्हेत, पर्सेंटाइल आहे. शंभरातली एक्याण्णव मुलं तिच्या मागं, असं."

"म्हंजे किती टक्के?"

"टक्के नव्हेतच, काका."

"मगे वाटलेले पेढे परत मागू काय?" दोघंही हसलो. पेढा मी खाल्ला. शंभरातली नऊ पुढं असली, तरी लाखांनी मुलं बसतात तिथं त्या नवांचा केवढा लोंढा होतो, हे त्यांना प्रवेशाची पहिली फेरी झाल्यावर कळलं. दुसऱ्या फेरीनंतर त्यांनी मला विचारणंच सोडलं. जवळच्या एकाही कॉलेजात सायलीला कॉम्प्युटर मिळालं नाही.

शेवटी एका कॉलेजच्या स्वतःच्या ताब्यातल्या जागा उरल्या होत्या. काकांनी सुट्टी टाकली आणि मलाही सोबत नेलं. यादी लागली, तीत सायली नव्हती. तिची मैत्रीण होती, सीईटीत तिच्यापेक्षा बरीच मागं असलेली.

"तिचा जेईईचा स्कोर आहे ना," खिडकीतल्या बाई म्हणाल्या. "पंचावन्न. या जागांना आधी जेईईवाले घेतात, मग सीईटीवाले."

"एक्याण्णवपेक्षा पंचावन्न मोठे कसे?"

"काका, ती परीक्षाच वेगळी. तिला आधी धरतात."

"पण ती पास झाली का त्यात?"

"तिथं पास-नापास नसतं हो. परीक्षेला बसलं की स्कोर येतो."

"नुसतं बसलं तरी?" त्यांनी विचारलं. मग खिडकीकडे पाठ करून, कोणालाच नाही असं, परत म्हणाले, "नुसता बसला तरी?"

सायली बाजूलाच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाबा, चला ना," एवढंच म्हणाली आणि त्यांचा हात धरला. ती त्यांच्यावर ओरडली असती, तर फार बरं झालं असतं असं मला येताना रिक्षात वाटत राहिलं.

पुढं तिनं बदलापूरकडे साध्या बीएस्सीला नाव घातलं, आणि अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा त्यांनी इथली जागाही सोडली. टेम्पो लागला तेव्हा मी खाली गेले. गॅसची शेगडी चढली, कपाट चढलं, गणपतीचा चौरंगही. बारावीची पुस्तकं मात्र सुतळीनं बांधून रद्दीवाल्यासाठी गेटपाशी ठेवलेली होती. सायलीनंच बांधली होती. आता काही व्हायचं नाही हे मला दिसत होतं, त्यांनाही दिसत होतं.

तरी मी बोलले. "काका, पुढच्या वर्षी दोन्ही परीक्षा देऊ दे तिला. होईल बघा."

आणि थांबले. ज्या प्रश्नाचा एवढा वैताग यायचा, तो ऐकायला माझे कान आसुसले होते.

"होय," ते म्हणाले, आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसले.