शटरवरचा परका घड

ओझरच्या एका द्राक्षवाल्याच्या वेबसाइटसाठी मी तयार चित्रांच्या सीडीतला द्राक्षांचा घड उचलला होता आणि स्वतःला मोठा चित्रकार समजत होतो. मालकाने तोच घड गावातल्या पेंटरला दुकानाच्या शटरवर काढायला सांगितला. माझा प्रिंटआउट पाहून पेंटर भडकलाच. "बोरासारखे गोल मणी? आपली द्राक्षं लांबट असत्यात. गाव हसंल! चित्राखाली नाव माझं लिहायचंय."

"जसंच्या तसं काढ, नाहीतर दुसरा पेंटर बघतो," मालक म्हणाला.

"बघा." त्याने शिडी खांद्यावर घेतली आणि माझ्याकडे वळला. "साहेब, तुमी काढलं हे?"

"नाही, कम्प्युटरने," मी चटकन म्हणालो.

"मग बोलवा त्याला. मला भांडायचंय."

इतकी वर्षं झाली, अजून माझाच मला संताप येतो. भांडायला समोर मी होतो की!