कोरडीवर लावलेला दिवस

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. म्हणजे — अर्धं सांगितलं होतं, नवऱ्याला. पण अर्धं सांगून माणूस काय करतो? उरलेलं अर्धं जास्त नीट झाकून ठेवतो. मीही तेच केलं, वर्षानुवर्षं. आज सकाळी पहिल्यांदा ते तोंडातून बाहेर पडलं, आणि आता तुम्हाला सांगते आहे. सलग सांगता येईल असं नाही. मध्येच अडखळले तर थोडं थांबा.

मी माळीण. माहेर अकोल्याचं, सासर वलगावचं. लहानपणी चार यत्ता शिकले, म्हणून माझं बोलणं थोडं शहरी वळणाचं, त्यावरून घरात अजून चिडवतात. सासरी दोन भाऊ. वाटण्या झाल्या तेव्हा विहीर आणि मळा आमच्याकडे आला, आणि काळ्या मातीचं कोरडवाहू वावर धाकट्या दिराकडे गेलं. धाकटी जाऊ म्हणजे राधा. अंगण एकच, चुली दोन. हे वाटणीचं नीट ध्यानात ठेवा. माझ्या विहिरीला पाणी होतं. राधाचं सगळं आभाळावर होतं.

पहाटे फुलं खुडायची, सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, नि मेथीच्या जुड्या बांधायच्या आणि गावच्या बैलबंडीत बसून अमरावती गाठायची, हा माझा रोजचा धंदा. बाजारात माझी जागा एका कापूस दलालाच्या ओट्याखाली होती. दलालाचं नाव मोतीराम. पावसाळ्यात कापसाचं काम थंड असायचं, तेव्हा त्याच्या ओट्यावर पाण्याचा सट्टा चालायचा. तुम्हाला कदाचित खोटं वाटेल, पण माणसं पावसावर पैसे लावायची. मोतीरामच्या पत्र्याला पन्हाळ होती. दिवेलागणीच्या आत त्या पन्हाळीतून रस्त्यावर धार पडली तर 'ओली', नाही पडली तर 'कोरडी'. एवढाच खेळ. शिपाई कधी हटकायचा, कधी स्वतःच मान वर करून आभाळ बघत उभा राहायचा.

मी कशी शिरले त्यात? पैशासाठी, असं म्हटलं तर सोपं जाईल. पण ते खरं नाही. मळ्यात वाढलेली बाई, वारा कुठून येतो, मुंग्या काय करतात, मोगऱ्याची कळी किती फुगली, यावरून मला पाण्याचा अंदाज यायचा. एकदा मोतीरामनं सहज विचारलं, मी सहज सांगितलं, ते खरं ठरलं. मग सगळेच मला रोज विचारायला लागले. पागोटेवाले, धोतरवाले, एरवी जुडीवरून घासाघीस करणारे — माझ्या तोंडाकडे बघत उभे राहायचे. बाईच्या शब्दासाठी इतके पुरुष थांबलेले मी कधी पाहिले नव्हते. त्याची चटक लागली. मग एक दिवस वाटलं, दुसऱ्यांना सांगते, तर स्वतःच का लावू नये? पाटीत फुलांच्या खाली पैसे ठेवायचे आणि जाता जाता मोतीरामच्या माणसाच्या हाती द्यायचे. घरी कळायचं कारणच नव्हतं.

हे सगळं मी का सांगत बसले? कारण पुढचं सांगायला जीभ वळत नाही.

त्या वर्षी पेरण्या झाल्या आणि पावसानं दडी मारली. राधानं एकदा पेरलं, ते करपलं. दुसऱ्यांदा पेरलं, तेही कोंब वर काढून पिवळं पडायला लागलं. गाव हवालदिल झालं. शेवटी ठरलं की महादेव पाण्यात कोंडायचा — गाभाऱ्याची मोरी बुजवायची आणि पिंडी बुडेपर्यंत बायांनी घागरी ओतायच्या. पहिली घागर कोणी ओतायची? सगळ्यांनी माझं नाव घेतलं. हिला आभाळ कळतं, हिचं आभाळ ऐकतं, असं म्हणाले.

त्याच दिवशी सकाळी मी अमरावतीत 'कोरडी'वर लावून आले होते. आणि थोडं नाही, पाटीत होतं तेवढं सगळं.

दुपारी आम्ही नदीच्या झऱ्यावरून घागरी भरून देवळात आलो. राधा माझ्या मागेच होती. पहिली घागर मी ओतली. बाया गाणी म्हणत होत्या. पिंडी अर्धी बुडाली असेल — आणि मावळतीकडून आभाळ आलं. काळंभोर. वाराच आधी आला, पाण्याचा वास घेऊन. बाया बाहेर धावल्या. म्हाताऱ्यांनी पदर पसरले. राधा हसत होती, रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं.

आणि मी? मी गाभाऱ्यातच राहिले. हात जोडलेले होते. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असेल, किती भक्ती. मी आत सौदा करत होते. आधी म्हटलं, देवा, वलगावात पाड, अमरावतीत पाडू नको. तीन कोसांचा तर फरक, तुला काय अवघड? मग वाटलं, एवढ्या मोठ्या आभाळाला असं वाटून कसं घेता येईल? एखादी सर तिकडे गेलीच तर? मग मी म्हटलं — हे मी म्हटलं, माझ्या तोंडानं, ओठ हलवून — "देवा, आज नको. उद्या दे."

वारा फिरला. आभाळ आमच्या डोक्यावरून मोर्शीच्या अंगाला निघून गेलं. चार थेंब पडले, धूळही बसली नाही.

बाया रिकाम्या घागरी उचलायला लागल्या. राधा पायरीवर बसली आणि गुडघ्यात डोकं घालून रडायला लागली, आवाज न करता. मी तिच्या शेजारी बसले. तिच्या पाठीवर हात ठेवला. ती पाठ माझ्या हाताखाली हलत होती, आणि माझ्या आत — कसं सांगू? मला आनंद झाला होता. नुसतं 'बरं झालं' इतकंच नाही. आत काहीतरी उड्या मारत होतं. तोंड मी पडलेलंच ठेवलं. ते मला चांगलं जमलं.

माझ्या म्हणण्यानं आभाळ गेलं असं मी मानत नाही. आभाळ कोणाचं ऐकतं? पण मी मागितलं होतं. माझ्या हातात होतं तेवढं सगळं मी केलं होतं.

आणि मग मी आणखी एक गोष्ट केली, जी मला पहिलीपेक्षा वाईट वाटते. पुढच्या पंधरवड्यात पाऊस आला, पण राधाकडे तिसऱ्या पेरणीला बियाणं उरलं नव्हतं. मी जिंकलेल्या पैशांचं बियाणं आणून तिच्या ओसरीवर ठेवलं. फुलांचे पैसे साठवले होते, म्हणून सांगितलं. तिनं माझे पाय धरले. मी धरू दिले.

नंतर काही दिवस मी ओट्याकडे फिरकले नाही. भादव्यात पुन्हा गेले. दसऱ्याला मात्र मन इतकं खात होतं की नवऱ्याला सांगून टाकलं — सट्ट्याचं तेवढं. देवळातलं नाही, बियाण्याचं नाही. सांगितलं, आणि मोठ्या तोऱ्यात म्हटलं की आजपासून बंद. हे मोटेचा दोर, सोंदूर, वळत होते. वर न बघता म्हणाले, "दसऱ्यानंतर पाणी पडते कुठी? त्यात तू काय सोडून राहिली?"

मला हसू आलं आणि रागही. मग त्यांनी दोर खाली ठेवला. म्हणाले, "मी काही बोलत नाई तुले. थांबून राहिली का सोडून राहिली, तेवढं सांग."

थांबणं बरं वाटत होतं. थांबण्यात सगळंच राहतं ना? खेळही आपला, चांगुलपणाही आपला. चार महिने वांगं सोडणारा माणूस वांग्याला विसरतो का? उलट मोजत बसतो. तसंच माझं. हिवाळा गेला, उन्हाळा गेला, आणि मृगाचं पहिलं आभाळ दिसताच माझी बोटं पाटीच्या तळाशी गेली. मी बाजारातली जागा बदलली, दुसऱ्या टोकाला बसायला लागले. निभावलं. वाटलं, झालं की मग.

नागपंचमीला माहेरी अकोल्याला गेले. तिथेही बाजारात असाच एक ओटा होता. मला तिथं कोणी ओळखत नव्हतं. आणि मन काय म्हणालं असेल? म्हणालं, बंद तर अमरावतीत केलं होतं. हसू नका. हसलात तरी चालेल — मी स्वतः हसते आता. मी 'कोरडी'वर लावलं आणि घरी येऊन पुरणाची दिंडं करायला बसले.

दुपार कलल्यावर पाऊस आला. झिमझिम नाही, धो धो. माझी म्हातारी माय दारात उभी राहिली आणि तळहात बाहेर काढून पाणी झेलायला लागली, लहान पोरीसारखी. किती दिवसांनी आलं म्हणून तिला कोण आनंद. मी तिच्यावर खेकसले, दार लावून घे म्हणून. तिनं वळून पाहिलं. तिला खरंच कळलं नाही. म्हणाली, "काहून वं? माळ्याची पोर तू, आन् पाण्याचा राग काहून येऊन राहिला तुले?"

पैसे गेल्याचं दुःख मला आधीही झालं होतं. हे तसं नव्हतं. मी पावसाकडे बघत होते आणि मला तो आवडत नव्हता. एवढंच. जन्मभर ज्याच्या वाटेकडे डोळे लावले, तो दारात आला होता आणि मला तो नको होता. आभाळ नुसतं आभाळ म्हणून मी शेवटचं कधी पाहिलं होतं? आठवेना. नवऱ्यानं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मला तिथं, मायच्या मागे उभं असताना मिळालं: सोडलं नव्हतं, मी नुसती थांबून राहिले होते.

वलगावला परतले तेव्हा हे मोटेवर होते. मी बैलांच्या धावेवर जाऊन म्हटलं, सोडलं. ते बरं म्हणाले आणि बैल हाकलले. दुसरं काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी मी मोतीरामच्या ओट्याखाली माझ्या जुन्या जागेवर जाऊन बसले. पळून किती दिवस बसणार? त्यानं विचारलं, आज कसं? मी म्हटलं, मला माहीत नाही. माहीत होतं — पण नाही म्हटलं. दोन-चार दिवस लोक विचारत राहिले, मग कोणी विचारेना. माझ्याभोवती उभे राहणारे पुरुष पुन्हा जुडीवरून घासाघीस करायला लागले. ते जड गेलं, खोटं कशाला बोलू? पैशापेक्षा तेच जड गेलं. पण एकदा बाजारातून परतताना बंडीत अचानक सर आली आणि मी डोक्यावर काही न घेता बसून राहिले. कुठली पन्हाळ वाहते, कुठली नाही, मला काही घेणंदेणं नव्हतं. इतकं मोकळं वाटलं की बंडीवाल्याला मी म्हटलं, सावकाश घे.

सट्टा सुटला तो सुटलाच. पण बियाणं? ते राधाच्या तोंडी राहिलं. दर अखिजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, घरात पाहुणे आले की ती ते सांगायची — माझी जाऊ नाही, माय आहे; तिनं पोटाला चिमटा घेऊन बियाणं आणलं. मी खाली मान घालून भाजी निवडत राहायचे. लोक म्हणायचे, बघा, किती विनय.

काल तिच्या लेकाची नवी नवरी घरात आली. आज सकाळी राधानं तिला माझ्या पाया पडायला आणलं आणि पुन्हा तीच गोष्ट सुरू केली. त्या पोरीनं वाकून माझ्या पायांवर डोकं टेकवलं. मला ते सहन झालं नाही. पोरीला पाणी आणायला पाठवलं आणि राधाला अंगणात बसवून सगळं सांगितलं. देवळातलंही. आतला आनंदही. तो सांगितला नसता तर पुन्हा अर्धंच झालं असतं.

राधा ऐकत राहिली. तिच्या हातात सूप होतं, ते तसंच राहिलं. मग तिनं विचारलं, "आन् ते बियाणं — त्याच पैशाचं?"

मी हो म्हटलं.

तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "पीक तं चांगलं आलं होतं त्याचं."

"आलं होतं," मी म्हटलं.

"मंग आता मी हे कोणाले सांगत नाई, बाई. चांगलंही नाई आन् वाईटही नाई." तिनं सूप उचललं आणि तिच्या ओसरीवर गेली. आवाजात राग होता का? होता, असं वाटतं. असायलाच हवा.

तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही. विचारणार नाही. दुपारी तिच्या चुलीकडून हाक आली नाही, मीही गेले नाही. माझी भाकरी केली, खाल्ली, आणि लिंबाच्या सावलीत आडवी झाले. दिवसा मला कधी झोप लागत नाही. आज लागली. जाग आली तेव्हा ऊन अंगणाच्या पार पलीकडे गेलं होतं आणि नवी नवरी विहिरीवर कोणाशी तरी हसत होती.