कमलच्या गुडघ्यांसाठी दोन गाड्या

सकाळी सहाला नांदेड सोडलं तेव्हाच पाठ कुरकुरत होती. पण आज गाडीचा निकाल लावायचाच होता. गुडघ्यांमुळे माझ्या बायकोला, कमलला, एसटीची पायरी चढवत नाही. निलंग्याला तिची आई अंथरुणाला खिळलेली, आणि वर्ष झालं मायलेकींची भेट नाही.

मी चालवत होतो ती शेजाऱ्यांची आठ वर्षं वापरलेली उंच एसयूव्ही. "दोन दिवस फिरवून बघा," म्हणाले होते. लातूरला एका व्यापाऱ्यांची दोनच वर्षांची आलिशान सेडान बघायची आणि मग ठरवायचं. कमललाही यायचं होतं. पण सोबत निघालेला तिचा भाऊ दत्ता म्हणाला, "अक्का, गाडी बघायला बाईमाणूस कशाला? आमी जातो की." मीही मान डोलावली.

एसयूव्ही खड्ड्यांना जुमानत नव्हती, पण एकूण एक खड्ड्याची खबर माझ्या कंबरेला देत होती. अहमदपूरला थांबून सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांची तिखट न्याहारी) खाल्ली. दत्तानं टायरला लाथ मारली. "लई दणकट हाय, दाजी." मला गाड्यांतलं ओ की ठो कळत नाही. मीही एक लाथ मारली.

लातूरच्या त्या व्यापाऱ्यांच्या, अप्पांच्या, कपाळावर भस्माचे पट्टे होते आणि दारात ती सेडान. आत बसलो नि डोळेच मिटायला लागले, इतकी मऊ. एक चक्कर मारली; एका गतिरोधकावर गाडीचं पोट खरवडलं तेवढंच. हीच घ्यावी असं मनात येत होतं. परत आल्यावर उतरायला गेलो तर कंबर उचलेना. अप्पांनी हात दिला.

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. "कुणासाठी घेऊन राहिलात?"

"मंडळींसाठी. गुडघे गेलेत तिचे."

"मग त्या कुठं हायत?"

"घरी."

बाईंनी अप्पांकडे पाहिलं. "आवो, सांगा की त्यांना. आमच्या सासूबाईंना हिच्यातून काढायला दोन माणसं लागतात. म्हणूनच तर इकून राहिलो."

"खरं हाय," अप्पा पुटपुटले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कमलला गाडीत चढता-उतरता येईल का, एवढा साधा प्रश्न आम्हा दोघा शहाण्यांना सुचला नव्हता.

परतीला दत्ता घोरत होता. तीनच्या सुमाराला घरी पोहोचलो. कमल बाहेर आली, एसयूव्हीच्या पायरीवर पाय ठेवू लागली. गुडघा तेवढा वर येईना.

"दोन्ही नकोत," मी म्हणालो. "तुला सोडून गेलो, चुकलं माझं."

तिनं गाडीकडे पाहिलं, मग घराकडे. "आवो, जरा ओट्याला खेटून लावा बरं."

लावली. ओटा आणि गाडीचा तळ जवळजवळ एका पातळीत आले. कमल ओट्यावरून एक पाऊल टाकून, थोडी वाकून, सरळ आत जाऊन बसली.

"आईच्या दाराला बी असाच ओटा हाय," ती म्हणाली.

"मग झालं तर!" दत्ता खूश झाला. "उद्या सकाळी निघू."

"उद्या कशाला? दारामागं माझी पिशवी हाय, ती आन."

पिशवी गच्च भरलेली होती. "ही कधी भरलीस?" मी विचारलं.

"सकाळी. तुमच्यासंगं निघाले होते तवा. लातूरहून पुढं निलंगा कितीसं?"

अंग आंबून गेलं होतं. पुन्हा लातूरपर्यंत तोच रस्ता, वर निलंगा. मी मुकाट्यानं किल्ली फिरवली.