बोल्टातलं ग्रीस

वस्ताद ग्रीस नाकानं ओळखायचे. नवा डबा आला की बोटभर उचलून अंगठ्यानं चोळायचे, डोळे मिटून वास घ्यायचे. आंबूस वाटला की डबा परत. "हे लावलं तर लोखंडाला खरूज होईल," म्हणायचे.

नांदेडला पोलिसांच्या शस्त्रागारात, म्हणजे आमच्या बोलीत कोतात, ते मिस्त्री होते. गाव उदगीर. जुन्या थ्री नॉट थ्री रायफली त्यांच्या ताब्यात. मी हाताखाली. औशाच्या ट्रॅक्टर गॅरेजातून आलेला, चौथी शिकलेला, दोन लेकरांचा बाप. हात बरा होता, तोंड त्याहून मोठं. ते मला नावानं बोलवायचेच नाहीत. "ए ट्रॅक्टर, इकडं ये."

पावसाळ्यात ठेवणीतल्या रायफलीला ते ग्रीस चोपडायचे, लाकडाखालच्या लोखंडालाही. पण बोल्टाच्या आत फक्त पातळ तेल, काडीच्या टोकानं एक थेंब. "ग्रीस झोपवतं, तेल उठवतं. झोपलेलीला सलामीला उभी करू नको."

मला पटायचं नाही. "वस्ताद, ट्रॅक्टरचं एवढं चाक ग्रीसवर फिरतं. ही टीचभर नळी काय चीज हाय?"

"चाकाला फिरायचं असतं रे बाबा. हिच्या पिनेला गोळीच्या बुडावर ठोकायचं असतं. नांगरट करायची असली तर तुलाच इचारीन."

सगळे हसले. ते मला लागलं.

त्या हिवाळ्यात माहूरकडचा एक हवालदार वारला. त्याला सलामी द्यायची होती. वस्ताद साहेबांकडं गेले होते, रायफली माझ्या हातात. मी बोल्ट उघडून बेरिंगचं ग्रीस आत दाबून भरलं. हात फिरवला तर बोल्ट लोण्यासारखे चालले. आज वस्तादाला दाखवतोच, म्हटलं.

डोंगरातला गारठा मी हिशेबात धरलाच नव्हता. ग्रीस थिजलं, पिनेला जोर राहिला नाही. हुकूम झाला तेव्हा दोनच बार उडाले. बाकीच्या नुसत्या खट्, खट्. हवालदाराची लेक हात जोडून उभी होती. ती हळूच म्हणाली, "आमच्या बाबाला एवढीच का?"

परतल्यावर साहेबांनी बोल्ट उघडायला लावले. "हे कुणी भरलं?"

वस्तादांनी माझ्याकडं बघितलं. थांबले. चांगले थांबले. मी जमिनीकडं बघत राहिलो. मग ते म्हणाले, "कोत माझं हाय, साहेब. चूक माझी."

त्यांना तिथून काढून गेटवर बसवलं, निवृत्त होईपर्यंत. जाताना मला काडीचा बोल लावला नाही. उलट चाव्या माझ्याकडं आल्या. जाता-येता मी त्यांना सलाम करायचो, ते "खैरियत?" विचारायचे. एवढंच. कबूल करायला उदगीरला दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा स्टँडवरूनच फिरलो. ताठा लई होता.

यंदा ते गेल्याचं कळलं, तेव्हा मात्र घरापर्यंत गेलो. त्यांच्या मुलानं चहा दिला. म्हणाला, "काका, अब्बा शेवटपर्यंत एकच बोलून राहिले होते. माझ्या हातनं एका मयताची सलामी चुकली, त्याच्या लेकीची माफी मागायची राहून गेली."

घरातही त्यांनी माझं नाव काढलं नव्हतं. आणि मी, म्हातारा झालो तरी, चहा पिऊन उठून आलो.

उद्या परत जाणार आहे. तोंडानं होणार नाही, म्हणून हा कागद त्या मुलाच्या हातात देईन. त्यानं वाचावं, मग माहूरला त्या लेकीकडं न्यावा. बोल्ट मी भरले होते.