दहा किलो मिरचीचे देठ

आमच्या वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, अगदी तळाशी, जगभरातल्या विचित्र बातम्या येत. सत्तरच्या दशकात मी त्या कापून वहीत चिकटवत असे आणि शेजारी बोध लिहीत असे. कुठल्याशा डोंगराळ मुलुखातला म्हातारा एकशे साठ वर्षांचा झाला, अशी बातमी आली. माझ्या वडिलांची जन्मतारीख घरात कुणालाच ठाऊक नव्हती. मोठा पूर आला त्याच्या पुढच्या वर्षी, एवढंच. मग या म्हाताऱ्याची कुणी लिहून ठेवली? बोध लिहिला: साक्षीदार वयाने लहान असेल तर सांगितलेलं वय धरू नये.

अशी शंका मी बहुतेक बातम्यांवर घेई. एका बातमीवर घेतली नाही.

परदेशातल्या वीटभट्टीचा एक कामगार रोज डब्याच्या पिशवीतून एक वीट घरी नेत होता. वीस वर्षांनी त्याच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या, तेव्हा मालकाला कळलं. मी गुणाकार केला. वर्षाचे तीनशे दिवस, वीस वर्षं, सहा हजार विटा. दोन लहान खोल्यांना पुरतील. आकडा जुळला म्हणून बातमी खरी धरली. बोध: रोजचं माणूस रोज थोडं नेतं.

त्याच उन्हाळ्यात वर्षाची मिरची आली. भिवापूरची, दहा किलो. दुकानदाराच्या काट्यावर विश्वास नसल्याने माझा स्वतःचा तराजू होता. चार दिवस गच्चीवर वाळवून पुन्हा तोलली, सहाशे ग्रॅम कमी भरली. मग कांडायला नेहमीच्या मावशी आल्या. नाल्यापलीकडच्या वस्तीत त्या एकट्या राहत. चक्कीत तिखट करपतं असं बायकोचं मत होतं, आणि गल्लीतल्या पाच-सहा घरांचंही. अकरा वर्षं या घरांच्या मिरचीवरच मावशींचा उन्हाळा निघत होता.

संध्याकाळी कचेरीतून आल्यावर तिखट तोललं. आठ किलो तीनशे. उडालेल्या आणि मुसळाला चिकटलेल्या पुडीचे चारशे मी उदारपणे सोडले. तरी सातशे ग्रॅमचा पत्ता नव्हता.

"मावशी, सातशे ग्रॅम कुठे गेले?" मी अंगणातच विचारलं.

"काहाचे सातशे ग्रॅम, भाऊ?"

"मिरचीचे."

त्यांनी मुसळ भिंतीला टेकवलं. "मले काहून विचारून राहिले? पिशवी पाहा, पदर पाहा. पदरात तिखट बांधलं असतं तं शिंकून शिंकून मेली असती मी."

कुंपणापलीकडे शेजारीण दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होती, ती हसली. मी आवाज खाली केला नाही. "हे या वर्षीचं झालं. अकरा वर्षांचं किती?"

बायको धावत बाहेर आली. "अहो, आणि देठं?"

"देठांना कसलं वजन?" मी म्हणालो.

देठ खुडायचं काम बायका दुपारी करत, मी कचेरीत असताना. मी मिरची पाहिली ती एकतर अख्खी, नाहीतर पूड झालेली. आणि देठ तर दुपारीच कचरागाडीत गेले होते. मावशी चहा न घेता गेल्या.

आठ दिवसांत दोन घरांची मिरची चक्कीवर गेली. "वहीतली वीट तुम्ही त्या बाईच्या डोक्यात घातली," बायको म्हणाली.

रविवारी मी एक किलो मिरची आणली, पोतं अंथरलं आणि एकट्याने खुडली. बोटांची आग संध्याकाळपर्यंत गेली नाही. देठ भरले बहात्तर ग्रॅम. दहा किलोचे सातशे वीस.

तसाच वस्तीत गेलो. "मावशी, चूक माझी होती."

"गल्लीत बोलले होते नं? मंग गल्लीत सांगा."

दोन्ही घरी जाऊन आकडा सांगितला. पहिल्या घरचे आजोबा हसले. "देठं तोलत बसला होता का गा तू?" म्हणाले, आणि पुढच्या खेपेला मावशींना बोलावलं. दुसरं घर त्या शेजारणीचं. तिने सगळं ऐकून घेतलं. "नसंल केली चोरी," ती म्हणाली. "पण आता घरात घ्याले मन होत नाही."

घरी येऊन विटांच्या बातमीखालचा बोध खोडला आणि लिहिलं: भट्टीत फुटलेल्या विटा कुणी मोजल्या होत्या?

पुढच्या उन्हाळ्यात मावशी आल्या. मी देठ खुडून, वेगळे तोलून समोर ठेवीपर्यंत त्यांनी मुसळाला हात लावला नाही. पुढे दरवर्षी तसंच. शेजारणीचा नवरा मात्र मिरचीची पिशवी सायकलला अडकवून आमच्या फाटकावरून चक्कीवर जाई. मी त्याला दरवर्षी बहात्तर ग्रॅम सांगत असे. तो मान डोलवी आणि पायडल मारी.